जुन्या नौकेची पारख

जुनें घर विकत घेतांना आपण भिंतीला हात लावून पाहतों, आढ्याकडे नजर टाकतों आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे हळूच चौकशी करितों. घरांत फसलों तरी पायांखालची जमीन कोठें जात नाहीं. समुद्रपर्यटनासाठीं जुनी नौका घेणाऱ्याला ही सवलत नाहीं. पारखेंत झालेल्या चुकीची किंमत तो बहुधा किनाऱ्यापासून शेंकडों मैल दूर असतांना चुकवितो. म्हणून अशा नौका कोणीं व कशा निवडल्या, हा इतिहास आम्हांस केवळ दर्यावर्दी लोकांच्याच कामाचा वाटत नाहीं. जुन्यांत टाकाऊ काय आणि टिकाऊ काय, हें ठरविण्याचा विवेक त्यांत पाहावयास मिळतो.

इंग्लंड व वेल्स यांच्या मधला ब्रिस्टल चॅनेल भरती-ओहोटीच्या प्रचंड ओढीसाठीं प्रसिद्ध आहे. शिडांच्या काळीं तेथील वाटाडे, म्हणजे पायलट लोक, येणाऱ्या जहाजांस गांठण्यासाठीं आपापल्या नौका घेऊन चढाओढीनें बाहेर पडत. जो आधीं पोंचेल त्याला काम! त्यामुळें नौका वेगवान हवी. वादळांतही भर समुद्रांत वाट पाहत थांबतां आलें पाहिजे. आणि पायलट जहाजावर चढल्यावर एकादोघांस ती सांभाळून घरीं आणतां आली पाहिजे. या गरजांनीं तिचा घाट ठरविला. पुढें १९१३ चा पायलटविषयक कायदा झाला, चढाओढीच्या जागीं संयुक्त व्यवस्था आली, वाफेच्या बोटी आल्या आणि या नौका निरुपयोगी ठरून विक्रीस निघाल्या. हौशी पर्यटकांच्या हातीं अशा रीतीनें एक उत्तम वस्तु पडली. धंद्यानें टाकिलेली ती नौका वाईट नव्हती. तिचा धंदाच काय तो संपला होता. घेणाऱ्यानें प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच कीं, ही टाकिली गेली ती दोषामुळें, कीं काळ बदलल्यामुळें?

हा भेद ज्यानें ओळखिला तो एच. डब्ल्यू. टिलमन आपणांस परका नाहीं. १९३६ सालीं नंदादेवीच्या ७,८१६ मीटर उंच शिखरावर पहिलें पाऊल ठेवणाऱ्या दोघांपैकीं तो एक होय. वय वाढल्यावर हिमालयाची उंची झेपेना, तेव्हां समुद्रमार्गें गांठतां येतील असे दूरचे डोंगर त्यानें शोधिले आणि १९५४ सालीं, छप्पन्नाव्या वर्षीं, ‘मिस्चिफ’ नांवाची पायलट नौका विकत घेतली. ती १९०६ सालीं कार्डिफ येथें बांधलेली. लांबी ४५ फूट, रुंदी १३ फूट. म्हणजे नौकेचें वयही तेव्हां अठ्ठेचाळीस होतें. या जोडीनें पुढील चौदा वर्षांत पॅटागोनिया, क्रोझे बेटें, ग्रीनलंड असा लाखाहून अधिक मैलांचा प्रवास केला.

अशी नौका पारखावयाची कशी? रंगावर जाऊं नये, हा पहिला नियम. नवा रंग पुष्कळदां जुनी कूज झांकण्यासाठींच दिलेला असतो. खाऱ्या पाण्यानें लांकूड टिकतें, गोड्यानें कुजतें. म्हणून पारखी मनुष्य समुद्राच्या बाजूपेक्षां पावसाचें पाणी जेथें झिरपून सांचतें तेथें अधिक पाहतो. तक्तपोशीचे सांधे, डोलकाठीचा बुंधा, फळ्यांमागचे वारा न लागणारे कोपरे या त्या जागा होत. तेथें चाकूचें टोंक सहज रुतलें तर पुढें बोलणें नको. लोखंडी खिळा गंजून भोंवतालचें लांकूड खातो, म्हणून एखादा खिळा उपटून पाहावा लागतो. आतां लांकडाची जागा बव्हंशीं काचतंतूंच्या कवचानें घेतली आहे. तथापि तपासनीस आजही लहानशा हातोडीनें ठिकठिकाणीं ठोकून आवाज ऐकतो. नाद बसका आला कीं आंत पाणी शिरलें असल्याचा किंवा थर सुटल्याचा संशय घ्यावा.

परंतु ज्या नौकेंत धड भागच उरलेला नाहीं तिचें काय? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत फेअरहेवन येथें १८९२ सालीं जोशुआ स्लोकम या कप्तानाला ‘स्प्रे’ ही म्हातारी नौका जवळजवळ थट्टेनें भेट मिळाली. ती एका शेतांत आधार देऊन उभी होती. त्यानें स्वतः ओकचीं झाडें तोडून कणा व फांसळ्या नव्या घातल्या. तेरा महिने श्रम आणि सामानाचे ५५३ डॉलर ६२ सेंट इतका खर्च झाला. १८९५ च्या एप्रिलांत तो बोस्टनहून निघाला आणि १८९८ च्या जूनमध्यें, सुमारें ४६,००० मैलांनंतर, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून परतला. फुकट मिळालेली नौका फुकट पडत नाहीं, हें या हिशेबावरून ध्यानांत येईल. मात्र त्या श्रमांत नौकेची फळी न् फळी त्याच्या परिचयाची झाली, हा लाभ पैशांत मोजण्यासारखा नाहीं.

या परिचयाचें मोल १९६८ च्या सुप्रसिद्ध शर्यतींत दिसून आलें. एकट्यानें, कोठेंही न थांबतां, जगाला फेरा घालावयाचा होता. निघाले नऊ; पुरा करून आला एकच. त्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची सागवानी नौका आपल्या मुंबईच्या कारागिरांनीं हातहत्यारांनीं घडविलेली होती. त्याला खरें तर मोठी, नवी पोलादी नौका हवी होती. पैसा उभा राहिला नाहीं म्हणून हातांतलीच घेऊन तो निघाला. वाटेंत कण्यालगतच्या सांध्यांतून पाणी येऊं लागलें, तेव्हां पाण्यांत बुड्या मारून त्यानें तेथें कापूस भरला. ३१२ दिवसांनीं, १९६९ च्या एप्रिलांत, तो फॅल्मथला पोंचला. त्याच शर्यतींतील डोनाल्ड क्रौहर्स्टची तीन सांगाड्यांची नौका अगदीं नवी, पण घाईनें पुरी केलेली होती. ती पुढें अटलांटिकांत निर्मनुष्य आढळली.

इतक्यावरून ‘जुनें तें सोनें’ म्हणून मोकळें व्हावें असें आम्हांस वाटत नाहीं. मिस्चिफ १९६८ सालीं यान मायेन बेटाजवळ खडकावर आदळून अखेर बुडाली. टिलमननें मग १८९९ सालची ‘सी ब्रीझ’ घेतली. तीही १९७२ सालीं ग्रीनलंडच्या खडकांवर गेली. माणसें दोन्ही वेळां वांचलीं. तरीही त्यानें तिसरी नौका घेतली ती १९०२ सालची ‘बरोक’, त्याच जातीची! स्लोकमची स्प्रेही उतारवयांत पूर्वीसारखी निगेंत राहिली नव्हती असें सांगतात. अखेरच्या सफरीवर गेलेला तो व ती दोघेंही परत आलीं नाहींत. स्वतः टिलमन १९७७ सालीं दुसऱ्याच्या नौकेवर, एका रूपांतरित टगबोटीवर, दक्षिणेकडे गेला आणि नाहींसा झाला.

तात्पर्य, नौकेचें वय हा एकटा निकष पुरा पडत नाहीं. ती कोणत्या कामासाठीं घडली, मधल्या धन्यांनीं तिला कसें वागविलें, आणि पुढें तिच्यावर वर्षोवर्ष खर्चावयास आपल्यापाशीं वेळ, पैसा व धीर आहे काय, हे प्रश्न त्याच्या जोडीला हवेत. यांतील पहिल्या दोहोंचीं उत्तरें नौका पाहून मिळतात. तिसऱ्याचें उत्तर घेणाऱ्यानें सौदा ठरविण्यापूर्वीं घरीं बसून, स्वतःशीं खोटें न बोलतां, काढावयाचें असतें.