तीन वर्षे न स्वीकारलेले वेतन : जगदीशचंद्र बोस आणि प्रेसिडेन्सी कॉलेज

१/ नेमणुकीचे पत्र हाती पडते, आनंद होतो, आणि मग नजर वेतनाच्या आकड्यावर जाते. मुकाट्याने स्वीकारावे, अधिक मागावे, की सरळ नाकारावे? हा पेच आजच्या पिढीने शोधलेला नाही. १८८५ साली कलकत्त्यात सव्वीस वर्षांच्या एका तरुणासमोर तो उभा होता. त्याने निवडलेला मार्ग या तिन्हींहून वेगळा होता. आजची मालिका त्याविषयी.

२/ तरुणाचे नाव जगदीशचंद्र बोस. वडील भगवानचंद्र हे सरकारी सेवेत डेप्युटी मॅजिस्ट्रेट. लोकोपयोगी उद्योगांत त्यांनी पैसा घातला, तो बुडाला आणि घर कर्जात रुतले. मुलगा मात्र केंब्रिजला लॉर्ड रॅली यांच्यासारख्या गुरूंपाशी शिकून, केंब्रिज आणि लंडन अशा दोन विद्यापीठांच्या पदव्या घेऊन परतला. साऱ्या घराचे डोळे त्याच्या पहिल्या पगाराकडे लागले होते.

३/ येताना त्याने एक पत्र आणले होते. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ व मंत्री हेन्री फॉसेट यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांना लिहिलेले. रिपन यांनी बंगालच्या शिक्षणखात्याकडे शिफारस केली. खात्याचे संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांना वरून आलेली ही शिफारस रुचली नाही. वरच्या श्रेणीत जागा नाही, खालच्या प्रांतिक श्रेणीत देऊ शकतो, असे त्यांनी सांगितले.

४/ बोस यांनी ती जागा नाकारली. हा त्यांचा पहिला नकार. पुढे नेमणुकीचे काय झाले, अशी विचारणा व्हाइसरॉयकडूनच झाली, तेव्हा खात्याला माघार घ्यावी लागली. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक म्हणून बोस रुजू झाले. प्राचार्य चार्ल्स टॉनी यांचाही या नेमणुकीला विरोध होता. हिंदी माणसाला तत्त्वज्ञान आणि भाषा जमतात, काटेकोर विज्ञान झेपत नाही, हा समज तेव्हाच्या अधिकारीवर्गात रुजलेला होता.

५/ आता वेतनाचे गणित पाहा. त्याच कामासाठी युरोपीय प्राध्यापकास जे मिळे, त्याच्या दोनतृतीयांश हिंदी प्राध्यापकास मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मे. म्हणजे युरोपीय सहकाऱ्याला शंभर रुपये मिळत असतील, तर बोस यांच्या हाती तेहतीस. वर्ग तोच, तास तेवढेच, विषयही तोच.

६/ येथे दुसरा नकार आला, आणि तो विलक्षण होता. बोस यांनी राजीनामा दिला नाही. कामात कसूरही केली नाही. त्यांनी केवळ वेतन स्वीकारले नाही. नियमित शिकवायचे, प्रयोग करून दाखवायचे, आणि महिन्याच्या अखेरीस रक्कम नाकारायची. असे एक-दोन महिने नव्हे, तीन वर्षे चालले.

७/ हे डावपेच म्हणूनही नीट समजून घेण्यासारखे आहे. नोकरी सोडली असती, तर ‘हिंदी माणूस टिकला नाही’ म्हणून प्रकरण मिटले असते. कमी पगार घेतला असता, तर त्या दराला त्यांचीच संमती ठरली असती. काम पूर्ण करून मोबदला नाकारल्यावर मात्र खात्यापाशी एकही सबब उरली नाही. दररोजचा उत्तम तास हाच त्यांचा अर्ज होता.

८/ पण या नकाराची किंमत कोणी मोजली? १८८७ साली, याच बिनपगारी काळात, बोस यांचा विवाह अबला दास यांच्याशी झाला. अबला मद्रासला वैद्यकशास्त्र शिकलेल्या होत्या. संसाराची सुरुवात काटकसरीत झाली, तीही सासरचे कर्ज डोक्यावर असताना. तत्त्वनिष्ठेच्या कथांत घर चालवणारी माणसे सहसा मागच्या ओळीत राहतात. त्यांना पुढे आणणे हे इतिहासाचे काम आहे.

९/ तीन वर्षांनी खाते नमले. क्रॉफ्ट आणि टॉनी या दोघांचेही मत पालटले होते. बोस यांना कायम करण्यात आले, तेही पूर्वलक्षी प्रभावाने. तीन वर्षांची संपूर्ण थकबाकी एकरकमी मिळाली. तो पैसा वडिलांचे कर्ज फेडण्याकडे गेला. हा तपशील ज्यांच्या चरित्रग्रंथातून (१९२०) आपल्यापर्यंत येतो, ते पॅट्रिक गेडिस त्या सुमारास मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

१०/ येथे थांबलो, तर गोष्ट सुखान्त ठरेल. पण त्याच कॉलेजात, त्याच क्रॉफ्टसाहेबांच्या कारकिर्दीत, दुसरा एक तरुण आला : प्रफुल्लचंद्र राय. एडिनबरो विद्यापीठाचे डी.एस्सी., रसायनशास्त्रज्ञ. १८८८ साली परतल्यावर जवळजवळ वर्षभर नोकरी नाही. अखेर १८८९ साली दरमहा २५० रुपयांवर तात्पुरती जागा मिळाली, तीही खालच्या श्रेणीतील.

११/ राय यांनीही क्रॉफ्ट यांना भेटून अन्यायाची तक्रार केली. उत्तर रोखठोक मिळाले : आयुष्यात इतर वाटाही आहेत, ही नोकरी घ्याच अशी सक्ती कोणी केलेली नाही. राय यांनी अपमान गिळला आणि नोकरी धरली. पुढे त्याच माणसाने ‘बेंगॉल केमिकल’ उभी केली आणि शेकडो हातांना काम दिले.

१२/ म्हणजे बोस यांचा विजय त्यांच्यापुरता होता. नियम बदलला नव्हता. उलट १८८६ च्या ॲचिसन आयोगानंतर ‘वरिष्ठ’ आणि ‘प्रांतिक’ ही विभागणी अधिकच पक्की झाली. एका माणसाचे वेतन वाढणे आणि एका व्यवस्थेचा दर बदलणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१३/ मग राय दुबळे ठरतात का? मुळीच नाही. बोस यांच्या नेमणुकीमागे व्हाइसरॉयची विचारणा उभी होती. राय यांच्यामागे वर्षभराची बेकारी. वाटाघाटीत माणसाचे धैर्य दिसते, पण त्या धैर्याला टेकायला भिंत होती की नव्हती, हेही पाहावे लागते. तो हिशेब न मांडता कोणालाही शूर किंवा भित्रा ठरवू नये.

१४/ तरीही १८८५ ते १८८८ या तीन वर्षांचे मोल कमी होत नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी एका हिंदी प्राध्यापकाने ते सरकारी हिशेबाच्या वहीत लिहायला लावले. पुढच्या वेळी बोस यांचे नाव बिनतारी लहरींच्या वा वनस्पतींच्या संदर्भात वाचाल, तेव्हा त्या न उचललेल्या छत्तीस पगारांचीही आठवण ठेवा.

(समाप्त)