दिनविशेष, १ सप्टेंबर : बाल्टिकमधील तोफा आणि वळिवडे

१९३९ : सदिच्छा भेटीच्या बहाण्याने डान्झिग बंदरात आलेल्या ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ या जुन्या जर्मन युद्धनौकेने पहाटे पावणेपाचच्या सुमारास वेस्टरप्लाटे येथील पोलिश लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी पहिल्या माऱ्यांपैकी हा एक. सुमारे २०० सैनिकांनी ७ सप्टेंबरपर्यंत ठाणे लढवले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये घुसल्या आणि लाखो नागरिकांची सैबेरिया, कझाकस्तानात रवानगी झाली. त्यांतून सुटलेले सुमारे ५,००० निर्वासित, मुख्यतः स्त्रिया व मुले, पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. ही छावणी १९४३ ते १९४८ या काळात होती. तिच्या आठवणीचा स्मृतिस्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.