फिलीचें बेट आणि नाईलवरील धरणाची अट

मोठें धरण बांधावयाचें म्हणजे पाणी, जमीन व पैसा यांचा हिशेब आधीं होतो. पाण्याखालीं जाणाऱ्या देवळांचा व शिलालेखांचा हिशेब मंजुरीच्या अटींत यावा, ही मागणी मागाहून उठते. ती आजची नव्हे. अशी एक अट सुमारें एकशें तीस वर्षांपूर्वीं मिसर देशांत मान्य झाली व पुढें निष्फळ ठरली. ती हकीकत संशोधकांनीं ध्यानीं ठेवण्याजोगी आहे.

अस्वानजवळ नाईल नदींतील फिली या बेटावर इसिस देवतेचें देऊळ होतें. मिसरच्या चित्रलिपींतील, मिति दिलेला सर्वांत शेवटचा ज्ञात लेख याच ठिकाणचा असून त्याची तारीख २४ ऑगस्ट इ. स. ३९४ ही आहे. डेमॉटिक नांवाच्या तेथील जलद लिपीचा मितीसह शेवटचा ज्ञात लेखहि येथलाच, इ. स. ४५२ चा. तीन हजारांहून अधिक वर्षें चाललेल्या लेखनपरंपरेचा शेवट ज्या भिंतींवर वाचावयास मिळतो, त्या भिंतींचें मोल वाचकांस निराळें सांगावयास नको.

इ. स. १८९४ मध्यें विलियम विलकॉक्स या इंजिनियरानें अस्वान येथें धरणाची योजना मांडली. तींत जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ११४ मीटर धरली होती. म्हणजे देवळें बुडणारच. तपासणीसाठीं नेमलेल्या तीन तज्ज्ञांपैकीं फ्रेंच सभासद बूले यांनीं फिली बुडविण्यास संमति दिली नाहीं. युरोपांतील विद्वानांनींहि मोठा विरोध केला. अखेर पातळी ८ मीटरांनीं उतरवून १०६ वर आणली, व साठा सुमारें १०० कोटी घनमीटर एवढाच राहिला. दुसरी बाजूहि खोटी नव्हती: पाणी कमी म्हणजे उन्हाळी पीक कमी. विन्स्टन चर्चिल यांनीं इ. स. १८९९ च्या आपल्या ग्रंथांत या कपातीवर कडक टीका केली आहे. कॅप्टन लायन्स यांनीं बेटाची पाहणी केली, देवळांचे पाये भक्कम करण्यांत आले, आणि इ. स. १९०२ मध्यें धरण पुरें झालें.

परंतु अट होती ती त्या वेळच्या उंचीपुरती. पुढें उंची वाढवावयाची झाल्यास काय, हें तींत बांधलें नव्हतें. इ. स. १९०७ ते १९१२ या काळांत धरण वाढविलें व पातळी ११३ मीटर झाली, इ. स. १९२९ नंतरच्या दुसऱ्या वाढीनें ती १२१ वर गेली. जें ८ मीटर पुराणवस्तूंसाठीं सोडले होते, ते दहा वर्षांत जवळजवळ सगळे परत घेतले गेले. पुराच्या दिवसांत दरवाजे उघडून गढूळ पाणी सोडून देत, तेवढेच कांहीं महिने बेट उघडें पडे. एरवीं तें पाण्यांत असे. भिंतींवरील प्राचीन रंग धुऊन गेले. कच्च्या विटांची जुनी वस्ती विरघळली. दगड मात्र टिकला.

या काळांत खरें रक्षण झालें तें नकलांनीं. पहिल्या वाढीच्या निमित्तानें इ. स. १९०७ पासून रायस्नर यांच्या देखरेखीखालीं नूबियाची पद्धतशीर पुरातत्त्वीय पाहणी सुरू झाली. बर्लिनच्या अकादमीच्या मंडळीनें इ. स. १९०८ ते १९१० मध्यें फिलीच्या लेखांचीं छायाचित्रें घेतलीं. त्या सामग्रीवर आधारलेला युंकर यांचा ग्रंथ इ. स. १९५८ मध्यें छापून निघाला. पुढें इ. स. १९६० मध्यें वरच्या मोठ्या धरणाचें काम लागल्यावर युनेस्कोनें जगास हांक दिली. बेटाभोंवतीं बांध घालून पाणी उपसलें, सुमारें ४०,००० चिरे सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुनः रचले, आणि इ. स. १९८० मध्यें देऊळ लोकांस खुलें झालें.

आपल्याकडे कृष्णेवरील नागार्जुनसागराचा दाखला असाच आहे. पायाभरणी १० डिसेंबर १९५५ ची. पण नागार्जुनकोंडा येथील मोठें उत्खनन त्याआधींच, इ. स. १९५४ त सुरू होऊन इ. स. १९६० पर्यंत चाललें. इक्ष्वाकु राजांच्या वेळची ती खोरी आज पाण्यांत आहे. निवडक वास्तु मात्र डोंगरावर व कांठावर पुनः उभारलेल्या आहेत. येथें काम पाण्याच्या आधीं झालें, हाच विशेष.

जुनी सनद हातीं आली म्हणजे ती कोणीं दिली, किती मुदतीची, पुढील धन्यावर बंधनकारक कीं नाहीं, हें आपण प्रथम पाहतों. धरणाच्या मंजुरींतील अट याच कसोटीस लावली पाहिजे. पुढील प्रत्येक वाढीस ती लागू असावी. नकला, छायाचित्रें व उत्खनन पाणी चढण्यापूर्वीं पुरें व्हावें. आणि त्यांचें प्रकाशन खर्चाच्या अंदाजांतच धरलेलें असावें. धुऊन गेलेले रंग परत आणण्याचा उपाय कोणत्याहि खजिन्यापाशीं नाहीं.