नव्या लिनक्सवर वायरचे इंटरनेट चालत नसेल तर...

मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. ‘विंडोज ११’ अनेक जुन्या यंत्रांवर बसत नाही. त्यामुळे धडधाकट संगणक भंगारात देण्यापेक्षा त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसविणे हा परवडणारा पर्याय ठरतो. प्रणाली बसते, पडदा उजळतो, पण वायर जोडूनही इंटरनेट सुरू होत नाही, अशी अडचण काही वेळा येते. यवतमाळसारख्या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात, जेथे वणी एका टोकाला तर उमरखेड दुसऱ्या टोकाला, लिनक्स जाणणारा तंत्रज्ञ हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. अशा वेळी वैतागून पुन्हा विंडोजकडे वळण्याआधी दोष नेमका कोठे आहे, हे शोधावे. घरच्या घरी ते जमण्यासारखे आहे.

सुरुवात वायरीपासून करावी. संगणकाच्या मागे जेथे वायर खोचली जाते, तेथील बारीक दिवे लागतात का ते पाहावे. दिवा लागत नसेल तर प्रणालीला दोष देण्यात अर्थ नाही; वायर, राउटरचे दुसरे छिद्र किंवा कार्ड यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. विजांच्या कडकडाटात राउटर आणि कार्ड दोन्ही जळू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. दिवा लागत असेल तर टर्मिनल उघडून ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्यावी. यादीत ‘ईएन’ किंवा ‘ईटीएच’ या अक्षरांनी सुरू होणारे नाव दिसले, तर प्रणालीने कार्ड ओळखले आहे. त्यापुढे ‘नो-कॅरिअर’ असे शब्द असतील, तर पुन्हा वायरीकडेच वळावे.

असे नावच नसेल, तर कार्डाचा ड्रायव्हर मिळालेला नाही. गंमत अशी की, जुन्या संगणकांचे ड्रायव्हर लिनक्समध्ये बहुधा आधीपासून असतात; अडचण येते ती अगदी नव्या मदरबोर्डांची. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने कार्डाचे नाव कळते. मात्र ड्रायव्हर उतरवून घ्यायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असा पेच उभा राहतो. त्यावर सोपा उपाय खिशातच असतो. मोबाइल यूएसबी वायरीने संगणकाला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास बहुतेक लिनक्स प्रणालींना ते जोडणीसारखे लगेच दिसते आणि अद्ययावत कर्नल व फर्मवेअर उतरविता येते. एकाच यंत्रावर विंडोजही ठेवले असेल, तर त्यातील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून संगणक पूर्णपणे बंद करावा. विंडोजने झोपविलेले कार्ड काही वेळा लिनक्समध्ये जागे होत नाही.

कार्ड दिसते, पण ‘आयपी अ‍ॅड्रेस’ या आज्ञेत १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यासारखे काहीच नसेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. जोडणीच्या सेटिंगमध्ये पत्ता ‘ऑटोमॅटिक’ ठेवून ती बंद-चालू करावी. डेबियनमध्ये कार्डाची नोंद ‘इंटरफेसेस’ या फाइलमध्ये असल्यास ‘नेटवर्क मॅनेजर’ त्या कार्डाला हात लावत नाही. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. तिच्या वापरकर्त्यांनीही ही फाइल तपासून पाहावी.

वायर राउटरविना थेट संगणकात येत असेल, तर कारण बहुधा वेगळेच निघते. अशा जोडण्यांना ‘पीपीपीओई’ पद्धतीचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड लागतात. ते विंडोजमध्ये साठविलेले असतात आणि विंडोज पुसले की त्याबरोबर जातात. सेवा देणाऱ्याकडून ते पुन्हा मागून घ्यावेत आणि जोडणीच्या संपादकात ‘डीएसएल’ प्रकारची नवी नोंद करावी.

पत्ता मिळूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर ‘पिंग ८.८.८.८’ अशी आज्ञा देऊन पाहावे. उत्तर येत असेल तर वायर, कार्ड आणि पत्ता सारे ठीक आहे. फक्त नावाचा पत्ता शोधणारी ‘डीएनएस’ सेवा चुकते आहे. जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘डीएनएस’च्या रकान्यात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहून जोडणी पुन्हा सुरू करावी.