मामा तलाव आणि सौरपंप

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा हे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख भाताचा. भात पाण्यावाचून होत नाही. म्हणून या जिल्ह्यात कोहळी समाजाने पूर्वीच गावोगाव तलाव बांधले. पाळीवर माती घालावी, पाट साफ ठेवावेत, पाण्याच्या पाळ्या ठराव्यात, ही कामे मालगुजाराच्या देखरेखीखाली गावकरी करीत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून 'माजी मालगुजारी' म्हणून त्यांस 'मामा तलाव' हे नाव पडले. मालकी बदलली, तशी गावाची निगाही सुटत गेली. पुष्कळ तलाव गाळाने भरले.

पुढे विहिरीवर विजेचा पंप आला. परंतु शेतीची वीज पाळीने मिळे, आणि रात्रीची पाळी आली की शेतकऱ्यास कंदील वा विजेरी घेऊन, सापविंचवांचे भय पत्करून बांधावर जावे लागे. दिवसा डोक्यावर सूर्य तळपत असता त्याची शक्ती मात्र वाया जात होती.

ही शक्ती उपयोगात आणण्याचे कार्य महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे 'महाऊर्जा', या संस्थेकडे आले. शासनाने ती १९८५ साली स्थापिली व जुलै १९८६ पासून तिचे काम सुरू झाले. मोठी वीजकेंद्रे उभारणे हा तिचा मार्ग नव्हे. नव्या साधनाचा पहिला प्रयोग करून दाखवणे, हेच तिचे खरे कार्य होय. १९९४ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगडजवळ जामसंडे येथे एक पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला. त्याची शक्ती अवघी १.५ मेगावॅट होती. वाऱ्यापासून वीज निघते याची खात्री पटल्यावर खाजगी भांडवल साताऱ्याच्या चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर धावले. पहिले साहस कोणी करावे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने वीज वाचवण्याचे कामही राज्यात याच संस्थेवर सोपवले.

२०१९ साली केंद्र सरकारची कुसुम योजना निघाली व राज्यात ती महाऊर्जेमार्फतही राबवली जाऊ लागली. पंपाच्या किमतीपैकी सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के, तर अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरावे; उरलेला भार सरकारचा. अशा पंपाने ओलिताचे काम दिवसाउजेडी होते. हा लाभ थोडा नव्हे.

तथापि सूर्याच्या विजेला बिल येत नाही, म्हणून पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो आणि भूगर्भातील पाणी खाली जाते. तावदानांवरील धूळ पुसणे, पाण्याला मर्यादा घालणे ही कामे कोणत्याही कार्यालयास पुण्यात बसून करता येत नाहीत. सरकार साधन देऊ शकते; ते टिकवणारे हात गावाचेच असावे लागतात. मामा तलावांतील गाळ कोंढ्याच्या मुलखास हेच सांगत आहे.