लांब दोरीचे पूर्वायुष्य

खेळण्यासाठी म्हणून मुद्दाम दोर विकत आणण्याची चाल आपल्याकडे फार जुनी नाही. वाड्याच्या चौकातील आडावर रहाट असे, रहाटावर दोर असे, आणि चाकाच्या खोबणीत घासून घासून त्या दोराचे पेड एके ठिकाणी उसवू लागले, की घरातील वडीलधारी माणसे भरली घागर त्याच्या भरवशावर सोडण्यास राजी होत नसत. मग झिजलेला तुकडा कापून टाकला जाई, उरलेला दोर वळचणीखाली धुणे वाळत घालण्याच्या कामी लागे, आणि तेथूनही त्याची बडतर्फी झाली म्हणजे तो एखाद्या दुपारी मुलींच्या हाती पडे. दोघी दोन टोकांना उभ्या राहत, बाकीच्या एकेक करून फिरत्या दोराखाली शिरत. हा दोर या कामाला योग्य आहे की नाही, असा प्रश्न कोणालाही पडला नाही. तो योग्य असे, एवढे खरे. तो योग्य का असे, याचा शोध घेऊ लागले म्हणजे मात्र आपल्या चौकातून निघून इंग्लंडच्या समुद्रकाठापर्यंत आणि न्यूयॉर्कच्या गल्ल्यांपर्यंत जावे लागते.

इंग्लंडमधील लोकांच्या खेळ-करमणुकींचा साद्यंत वृत्तांत लिहिणारा जोसेफ स्ट्रट याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दोरीवरच्या उड्यांना थोडी जागा दिली आहे, आणि त्या थोड्या जागेत निवडीचा एक बहुमोल सल्लाही आहे. हॉप्स नावाचा जो वेल दारूला कडवटपणा आणण्यासाठी लावला जातो, त्याच्या हंगामात मुले दोरीऐवजी पाने ओरबाडून काढलेला त्या वेलाचा दांडाच उड्यांसाठी घेतात, आणि आपल्या मते तोच दोरीहून सरस, असे तो सांगतो. या एका शेऱ्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, त्या काळी हा खेळ प्रामुख्याने मुलग्यांचा होता. दुसरी ही की, या कामी येणाऱ्या वस्तूची पारख करताना स्ट्रटची नजर तिच्या कमानीवर असावी. हॉप्सचा वेल वीसेक फूट सहज वाढतो. त्याला स्वतःचा असा एक ताठरपणा असतो, आणि म्हणून फिरवताना त्याची कमान मोडून पडत नाही. फुले खुडून झाल्यावर त्या दांड्याची किंमत शून्य. उड्यांच्या दोरीची ही जी पहिली शिफारस आपल्याला आढळते, ती एका टाकाऊ जिनसाची आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढचा सारा इतिहास त्याच धाग्याने जातो.

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्कारबरो नावाचे गाव आहे. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाल सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी, घरातील अंडी, लोणी यांचा एकदाचा समाचार घ्यावा म्हणून तेथे धिरड्यांच्या जातीची पॅनकेक्स करण्याची रीत आहे. श्रावणाच्या तोंडावर आपल्याकडे जी लगबग चालते तिचाच हा दर्यापारचा भाऊबंद म्हणावा. त्या दिवशी भर दुपारी बाराच्या ठोक्याला एक घंटा वाजविली जाते, आणि मग गाव समुद्राकडे लोटते. शाळांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळते, समुद्रालगतचा रस्ता वाहनांना बंद होतो, आणि त्या रस्त्यावर आडव्या लांबच लांब दोऱ्या पसरल्या जातात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या उड्यांचा मेळा त्या गावाने जतन केला आहे.

हे दृश्य किंचित जवळून पाहावे. दोन टोकांना दोन धिप्पाड इसम पाय फाकून उभे. त्यांचा हात मनगटातून फिरत नाही, खांद्यातून फिरतो. मनगटाएवढा नसला तरी अंगठ्याहून जाड असा तो दोर वर जातो, क्षणभर आभाळाला टेकल्यासारखा भासतो, आणि खाली येऊन आपल्या पोटाने रस्त्यावर धप्प असा आवाज करतो. या आवाजाशिवाय दुसऱ्या तालाची गरज नसते. एकाच दोराखाली दहा-दहा माणसे: शाळकरी पोर, तिची आई, तिची आजी, आणि दुकानाचे दार ओढून घेऊन धावत आलेला एखादा कारकून. दोर जड आहे म्हणून तो सावकाश फिरतो. सावकाश फिरतो म्हणून आजीला उडी मारण्यास अवकाश मिळतो. उत्तर समुद्रावरून येणारा वारा एखाद्या हलक्या दोरीला केव्हाच तिरपी करून टाकील. कोळ्याच्या दोराला मात्र तो जागचा ढळवू शकत नाही.

कोळ्याचाच दोर; कारण अशा किनाऱ्यांवर दुसरा कोठून येणार? होड्या ओढून आणि जाळी ताणून ज्याची धमक संपली, तो दोर त्या दिवसापुरता सर्व गावाच्या मालकीचा होई. दक्षिणेकडे ब्रायटन येथे हाच प्रकार गुड फ्रायडेला चाले, इतका की, त्या दिवसाला तेथे ‘लांब दोरीचा दिवस’ असेच नाव पडले होते. कोळ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे त्या दिवशी किनाऱ्यावर उतरत, आणि येशूचा विश्वासघात करणाऱ्या जुडासने ज्या दोराने गळफास घेतला त्याची ही आठवण, अशी जनश्रुती त्यांच्यात प्रचलित होती. सणाला खेळ आधी चिकटतो आणि कारण मागाहून शोधले जाते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. त्याच ससेक्स परगण्यातील ॲल्सिस्टन या खेड्यात गुत्त्यासमोरच्या रस्त्यावर, आणि केंब्रिजमध्ये पार्कर्स पीस या मोठ्या मैदानावर, त्याच शुक्रवारी लहानथोर उड्या मारीत. पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४० साली शत्रूच्या स्वारीच्या भयाने दक्षिण किनाऱ्यावर काटेरी तारांची वेटोळी पसरण्यात आली, समुद्रकाठ लोकांना बंद झाला, आणि ब्रायटनचा शिरस्ता तेथे जो तुटला तो पूर्वीच्या रूपात पुन्हा जोडला गेला नाही.

जुनाच दोर का, याचे अर्धे उत्तर दारिद्र्यात आहे, हे उघड आहे. उरलेले अर्धे दोर वळण्याच्या कसबात आहे. आपल्या गावगाड्यात हे कसब मातंग समाजाच्या हाती होते. अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवून, झोडपून, त्यांतील वाख सोडवायचा. एकाने फिरकी फिरवीत बसायचे आणि दुसऱ्याने हातातील वाख बेताबेताने पुरवीत एकेक पाऊल मागे सरायचे, असे करून एक पेड तयार होई. असे तीन पेड ज्या दिशेला पिळलेले असत, त्याच्या उलट दिशेला एकमेकांभोवती वळले म्हणजे, प्रत्येक पेडाची उलगडण्याची ओढच इतरांना घट्ट धरून ठेवी. दोर म्हणजे दोन विरुद्ध पिळांनी आपसांत केलेला तह होय. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, गाईचे दावे, स्वयंपाकघरातील शिंके हे सर्व याच हातांतून येई. पोळ्याला बैलाच्या नाकात जी नवी वेसण चढे तीही त्यांचीच. मोबदला सुगीच्या धान्यात मिळे. परंतु ज्यांनी वळलेल्या दोराने गावाचे पाणी वर येई, त्यांना त्याच विहिरीवर पाणी भरण्याची मनाई होती, ही गोष्ट दोराच्या कोणत्याही इतिहासात गाळता येण्यासारखी नाही.

हेच कसब इंग्रजांच्या आरमाराने कारखान्याच्या प्रमाणावर नेले. केंट परगण्यातील चॅटम येथील गोदीत दोर वळण्याची जी विटांची इमारत १७९१ च्या सुमारास पुरी झाली, तिची लांबी ३४६ मीटर आहे. कारण सबंध दोर एका सलग रेषेत ताणल्यावाचून वळता येत नाही, आणि म्हणून इमारत जितकी लांब तितका दोर अधिक लांब वळता येतो. हॅम्बर्गमधील रेपरबान हा आज निराळ्याच कीर्तीचा रस्ता मुळात दोर वळणाऱ्यांचा, म्हणून त्याचे ते नाव. तेव्हा दोन माणसे दोन टोकांना आणि मध्ये ताणलेला दोर, हे चित्र मुळात खेळाचे नव्हे, कामाचे आहे.

आता, नुकताच वळलेला दोर हाती घेऊन फिरवून पाहावा. त्यातील पीळ अद्याप जागा असतो. तो ढिला पडताच गुंतागुंतीच्या आढ्या घालतो, टोके हातात उसळतात, आणि कमान मधेच वेडीवाकडी होते. वर्ष-दोन वर्षे पाणी काढलेला, उन्हात वाळलेला, ओल्याने फुगून पुन्हा आकसलेला दोर मात्र निमूट झालेला असतो. त्याचे बोचरे तंतू झडून गेलेले असतात, पीळ सगळीकडे सारखा बसलेला असतो, आणि अंगी मार्दव येऊनही वजन पुष्कळसे शिल्लक राहिलेले असते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. पण राबलेल्या सुंभाचा पीळ उसळी घेत नाही, एवढी पुस्ती त्या म्हणीला जोडण्यास हरकत नसावी. आडावरून उतरलेला तो दोर आमच्या चौकात इतका योग्य का वाटे, त्याचे रहस्य हे असे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ हळूहळू मुलग्यांच्या हातून मुलींच्या हाती गेला, आणि किनाऱ्यावरून शहराच्या फरसबंदीवर आला. अ‍ॅलिस गॉम यांनी इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील पारंपरिक खेळांचा संग्रह १८९४ आणि १८९८ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला, तोपर्यंत उड्या हा बव्हंशी मुलींचा प्रांत झाला होता. शहरात होडी नाही, आड नाही. होती ती धुणे वाळत घालण्याची सुती दोरी. ही दोरी पातळ व हलकी. हलकी म्हणून तिची कमान राखण्यास ती झपाट्याने फिरवावी लागे. झपाट्याच्या दोरीखाली आजीचा निभाव लागणे शक्य नव्हते. अंगठ्याहून जाड दोराखाली सबंध गाव मावत असे. करंगळीएवढ्या दोरीखाली फक्त चपळ मुलीच मावू लागल्या, आणि त्यांनी त्या चपळाईची एक स्वतंत्र कलाच करून टाकली.

त्या कलेचे शिखर म्हणजे न्यूयॉर्कची ‘डबल डच’. दोन दोऱ्या, दोघी फिरवणाऱ्या, दोन्ही दोऱ्या परस्परविरुद्ध दिशांना आतल्या बाजूने फिरत्या, आणि त्या दोन कमानींच्या मधल्या निमिषात पाय टाकणारी मुलगी. न्यूयॉर्कला पूर्वी डच लोकांची वसाहत होती, आणि दोर वळणारे डच कारागीर मागे मागे सरत असता त्यांचे मदतनीस मधल्या पेडांवरून उड्या मारीत, त्यातून हा खेळ निघाला, अशी एक कथा सांगितली जाते. ती कथा म्हणूनच ऐकावी. इतके मात्र खरे, की हा खेळ वाढविला तो विसाव्या शतकातील हार्लेम, ब्रुकलीन अशा वस्त्यांतील कृष्णवर्णीय मुलींनी, घराघरांतल्या धुण्याच्या दोऱ्या घेऊन. डेव्हिड वॉकर व युलिसिस विल्यम्स या न्यूयॉर्कच्या दोन पोलीस अंमलदारांनी १९७३ साली या गल्लीतल्या खेळाला नियम घालून दिले, आणि १४ फेब्रुवारी १९७४ रोजी भरलेल्या पहिल्या स्पर्धेत पाचवी ते आठवीची सुमारे ६०० मुले उतरली. २००९ पासून त्या शहराच्या सार्वजनिक शाळांच्या क्रीडास्पर्धांत डबल डचला रीतसर जागा मिळाली.

नियम आले म्हणजे मोजमाप येते, आणि मोजमाप आले म्हणजे दुकान येते. उड्यांसाठीच घडविलेली अशी एक दोरी बाजारात मिळते: मध्ये बारीक दोरा, आणि त्यात ओवलेले प्लास्टिकचे नळीदार मणी. या मण्यांची हिकमत ध्यानी घेण्यासारखी आहे. ते दोरीला वजन देतात, कमान मोडू देत नाहीत, आणि जमिनीवर टकटक वाजून ताल धरतात. म्हणजे हॉप्सच्या वेलाचा ताठरपणा, कोळ्याच्या दोराचे वजन आणि त्याची धप्प, हे तिन्ही गुण कारखान्याने पुन्हा एकत्र करून दिले. त्याउलट, स्वस्त म्हणून घेतली जाणारी रंगीत पॉलिप्रॉपिलिनची दोरी पाण्यावर तरंगण्याइतकी हलकी असते. वारा तिला खेळवितो, आणि नवेपणीचा तिचा पीळ लवकर बसतही नाही.

एखाद्या शाळेसाठी वा वस्तीसाठी समुदायाची दोरी घ्यावयाची झाली, तर लांबीचा हिशेब सोपा आहे: एक-दोघींसाठी बारा ते सोळा फूट पुरे, आणि आठ-दहा जणींनी एकदम शिरावयाचे असेल तर पंचवीस-तीस फुटांखाली भागत नाही. लांबी वाढेल तशी मधली कमान सपाट होऊ पाहते, आणि ती सावरण्यास दोरीला वजन हवे व फिरवणाऱ्यांना खांद्याचे बळ हवे. परंतु लांबीच्याही आधी एक गोष्ट ठरविली पाहिजे, ती म्हणजे आपल्याला त्या दोरीखाली कोण कोण हवे आहे. निवडक चपळ मुलींचा संघ हवा असेल, तर मण्यांची, झपाट्याची दोरी खुशाल घ्यावी. पण लहान-मोठी, जाडी-बारीक, सवयीची आणि बिनसवयीची अशी सर्व माणसे एका तालात उडावीत अशी इच्छा असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी एखाद्या शेतकऱ्याकडे वा बंदरावर चौकशी करावी, आणि काम करून थकलेला, अंगठ्याहून जाड, सुती किंवा वाखाचा दोर मागून आणावा. झिजलेला भाग तेवढा आधी कापून टाकावा.