बलू : सातपुड्यातील अस्वलाचे अक्षरवळण

जबलपूर विभागात मोडणारा आणि एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेला सिवनीचा डोंगराळ मुलूख जगाला ठाऊक झाला तो रडयार्ड किपलिंग यांच्या १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द जंगल बुक’मुळे. मुंबईत जन्मलेल्या किपलिंग यांनी या कथा अमेरिकेतील व्हरमाँट येथे लिहिल्या, आणि रानाच्या वर्णनासाठी त्यांना रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या ‘सिओनी’ (१८७७) या सातपुड्यातील शिकारी जीवनावरील पुस्तकाचा आधार झाला, असे मानले जाते. या कथांतील बलू नावाच्या अस्वलाचे नाव पुढे सुमारे एकशेवीस वर्षांनी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने आपल्या एका ठसठशीत अक्षरवळणाला दिले. अक्षरवळण म्हणजे एकाच घाटाने घडवलेला अक्षरांचा संपूर्ण संच, ज्याला व्यवहारात फॉन्ट म्हटले जाते.

२०१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या संचाची देवनागरी सारंग कुलकर्णी यांनी आखली. तिरप्या कापलेल्या बोरूने लिहिलेल्या अक्षरात जाड-बारीक रेघांचा जो खेळ असतो तो येथे जवळजवळ नाही. रेघ भरघोस आणि कोपरे गोलावलेले आहेत, आणि रोमन अक्षरांत उभ्या दांड्याला गोलाई मिळते तेथे निघणारे टोकही काढून टाकले आहे. देवनागरीला असा लठ्ठपणा सहजी मानवत नाही, कारण वर शिरोरेखा व मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरांची गर्दी अशा वाटणीत ‘राष्ट्र’ या शब्दातील ‘ष्ट्र’ किंवा ‘क्ष’ यांच्या पोटातील पोकळ्या शाई पडल्यासारख्या बुजतात. त्यामुळे असे वळण आखणाऱ्याला सांध्यापाशी रेघ हळूच बारीक करावी लागते, तीही अशी की वाचणाऱ्याला सगळी रेघ एकाच जाडीची वाटावी.

किपलिंग यांचा बलू लांडग्यांच्या पिल्लांना रानाचा कायदा घोकून घेणारा कडक पंतोजी आहे, तर डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटातील बलू गाणारा, खुशालचेंडू आणि ढेरपोट्या आहे. अक्षरांचा स्वभाव उघडच चित्रपटातील बलूवर गेला आहे. परंतु त्यांचे काम पुस्तकातील बलूचे आहे, कारण कथांचा नायक मोगली याला रानातल्या प्रत्येक जमातीची बोली शिकवणारा तोच. त्याच धर्तीवर देवनागरीखेरीज इतर लिप्यांसाठी निरनिराळ्या आखणीकारांनी संच घडवले आणि प्रत्येकाच्या नावाला त्या भाषेतील भावाचे संबोधन जोडले : गुजरातीत भाई, बंगालीत दा, गुरुमुखीत पाजी, ओडियात भायना, तमिळमध्ये तंबी, तेलुगूत तम्मुडू, कन्नडमध्ये तम्मा, मल्याळममध्ये चेट्टन आणि उर्दूत भाईजान. देवनागरीतील बलू मात्र नुसताच बलू राहिला. दादा नाही की भाऊ नाही.

मथळे, भित्तिपत्रके, वेष्टने व मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे यांसाठी हे वळण शोभते. सलग मजकुरासाठी त्याची पहिली, एकाच वजनाची म्हणजे रेघेच्या एकाच जाडीची आवृत्ती जड पडे. मुक्त परवान्यामुळे ते कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि त्यात बदलही करता येतात. ‘बलू २’ या पुढील आवृत्तीत साध्यापासून अतिठळकापर्यंत पाच वजने आली, आणि त्यांतील साध्या वजनात मजकुराचे छोटे परिच्छेदही निभावतात. अस्वलाचा लठ्ठपणा मात्र त्यात उरत नाही.